फॉरमॅट मारला म्हणजे झालं?

उभे राहा. लॅबची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते सगळे. मागच्या बाकांवरच्यांनी दात काढायचं कारण नाही, तुम्हीही त्याच माळेचे मणी आहात.

ऑफिसातले जुने संगणक निकाली काढायचे होते. डिस्क पुसायचं काम तुम्हाला सांगितलं. ‘सर, सगळं फॉरमॅट मारलंय’ असं छातीठोक सांगून तुम्ही चहाला गेलात. टेम्पो यायच्या आधी त्यातली एक डिस्क मी माझ्या मशीनला लावली आणि फोटोरेक चालवलं. फुकट मिळणारा प्रोग्राम, शाळकरी पोरही चालवेल. काय बाहेर आलं सांगू? प्रवेशअर्जांसोबतची आधार कार्डं, जातीचे दाखले, पासबुकांची पहिली पानं, मुलींचे फोटो आणि मोबाइल नंबर. हे सगळं तुम्ही भंगाराच्या भावात विकायला निघाला होतात!

शेवटच्या वर्षाला आहात ना? फाइल डिलीट केली की तिची जागा मोकळी झाल्याची फक्त नोंद होते, हे कितीदा शिकवलं? क्विक फॉरमॅट नोंदवही नवी मांडतो, मजकुराला हात लावत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली म्हणून आतले धडे कोरे होतात का? फोटोरेक अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. जेपीजी फोटो ठरलेल्या तीन बाइटनी सुरू होतो. तसल्या खुणा शोधत तो अख्खी डिस्क चाळतो. फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’समोरची टिक काढली असती, तर विंडोजने डिस्कभर शून्यं लिहिली असती. व्हिस्टापासून ही सोय आहे. पण मग काही तास थांबावं लागलं असतं, आणि तेवढा धीर कुणाला?

‘भंगारातली डिस्क कोण बघतंय’ हे तर मला ऐकवूच नका. एमआयटीच्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत या दोन विद्यार्थ्यांनी जुन्या १५८ डिस्क विकत घेतल्या. १२९ चालू निघाल्या. त्यातल्या नीट पुसलेल्या फक्त १२. हे त्यांनी २००३ मध्ये छापलं. मॉर्गन स्टॅन्ली या बँकेने जुनी यंत्रं मोडीत काढायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट लिलावात गेली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने, त्यांच्याकडून साडेतीन कोटी डॉलर दंड वसूल केला. आपल्याकडच्या २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यातही माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

आणि तू, पस्तीस वेळा पुसणारा! तुझी हुशारी वेगळीच. पीटर गुटमनच्या १९९६ च्या लेखातल्या त्या पस्तीस फेऱ्या त्या काळच्या डिस्कसाठी होत्या. आताच्या डिस्कला त्या लागत नाहीत, हे खुद्द गुटमननेच नंतर सांगितलंय. त्यात तू पुसलीस ती एसएसडी! तिचा कंट्रोलर झीज सारखी व्हावी म्हणून नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहितो. जुना मागे राहू शकतो. म्हणजे पस्तीस फेऱ्यांनी डिस्क झिजवलीस आणि खात्री शून्य.

आता वह्या काढा. आधी हवं ते कॉपी करून घ्या. हार्ड डिस्क असेल तर पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत एकदा पूर्ण लिहून काढा, एक फेरी पुरते. एसएसडीला तिचाच सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ आदेश द्या. चालूच होत नसेल तर फोडा. पण वरचं कव्हर चेपून भागत नाही, हार्ड डिस्कच्या तबकड्या आणि एसएसडीच्या चिपा मोडल्या पाहिजेत. मग ते नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे जाईल, गल्लीतल्या भंगारवाल्याकडे नाही. नव्या मशीनवर पहिल्या दिवसापासून विंडोजचं बिटलॉकर एन्क्रिप्शन चालू ठेवा, म्हणजे पुढे नुसती डिस्क कुणाच्या हाती लागली तरी किल्लीशिवाय त्याला काही वाचता येणार नाही.

त्या अर्जांवर पोरांच्या आईबापांच्या सह्या आहेत. त्यांनी ती कागदपत्रं कॉलेजवर भरवसा ठेवून दिली, तुमच्या आळसापायी चव्हाट्यावर यायला नाही.

आजपासून रजिस्टर ठेवा: डिस्कचा सीरियल नंबर, पुसायची पद्धत, तारीख, सही. एकाने पुसायचं, दुसऱ्याने रिकव्हरी चालवून तपासायचं. दोन सह्या झाल्याशिवाय एकही डिस्क या दाराबाहेर जाणार नाही. बसा आता, आणि आणलेल्या सगळ्या डिस्क पुन्हा लावा.