सुटे गाणे आणि सबंध अल्बम

डिसेंबर १९६८ नंतर जवळजवळ अकरा वर्षे 'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश बँडने मायदेशात एकही सिंगल, म्हणजे सुटे गाणे, काढले नाही. भर सबंध अल्बमवर. मग नोव्हेंबर १९७९मध्ये 'अनदर ब्रिक इन द वॉल, भाग २' आले आणि पहिल्या क्रमांकावर गेले. सुटे ऐकले तर ते शाळेविरुद्धचे बंड वाटते. 'द वॉल' सबंध ऐकला की कळते, एक माणूस स्वतःभोवती भिंत बांधतो आहे. ही त्यातली एक वीट.

एम.एस.साठी अमेरिकेत आल्यापासून मीही दर रविवारी आईला फोनवर सिंगल्सच ऐकवली: पदवी, बढती, घर. २००९च्या मंदीत पाच महिने नोकरी नव्हती, ते सांगितले नाही. खोटे बोललो नाही, फक्त निवडून बोललो. पुढे कळल्यावर आई म्हणाली, "चांगलं तेवढंच सांगायला मी काय पाहुणी आहे?"

तिला काळजी नको, हे खरेच. पण त्यात माझी प्रतिष्ठाही होती. निवडून सांगितलेले खोटे नसेलही, पण ज्यांचा सबंध ऐकण्याचा हक्क आहे, त्यांना ते पुरत नाही.

हल्ली आमचा रविवारचा फोन लांबतो. मंडळी, तुमचा?