कोड क्लाउडवर गेला, जबाबदारी कुठे गेली?

छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा कोड ऑफिसातल्याच सर्व्हरवर असतो, तेव्हा मालक अभिमानाने सांगतात, 'आपला कोड आपल्या घरात आहे.' पण बॅकअप, अपडेट, लाइट गेल्यावरची धावपळ हे सगळं बहुतेकदा एकच माणूस सांभाळतो. गावी लग्नाला गेला तरी लॅपटॉप सोबत. म्हणून सगळा कोड क्लाउड सेवेवर हलवणं म्हणजे आळस नव्हे. त्या माणसाची झोप त्याला परत मिळते, आणि ते न्याय्यच आहे.

प्रश्न त्यापुढचा आहे. काम दुसऱ्याकडे सोपवता येतं. जबाबदारी सोपवता येते का?

छत्रपती संभाजीनगरला हा प्रश्न पाण्याच्या रूपात भेटलेला आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. वाढलेल्या शहराला ते पुरणं शक्य नव्हतं. जायकवाडीचं पाणी आणणं योग्यच होतं. पण नळ आला आणि नहरीकडे दुर्लक्ष झालं. आता कित्येक दिवसांआड नळ येतो तेव्हा टँकरची वाट बघावी लागते. धरणाचं पाणी घेण्यात चूक नव्हती. हाताशी होतं ते सांभाळणं सोडलं, ही चूक.

कोडबाबत आपण निर्धास्त असतो, कारण २००५ साली आलेल्या गिटमध्ये प्रत्येक क्लोनसोबत कोडचा पूर्ण इतिहास येतो. पण इश्यू, रिव्ह्यूमधले वाद, 'ही ओळ अशी का लिहिली' याची उत्तरं त्यात येत नाहीत. २०१७ मध्ये गिटलॅबच्या क्लाउड सेवेत एका इंजिनिअरकडून चुकून डेटाबेस पुसला गेला. रिपॉझिटरी वाचल्या, सुमारे सहा तासांतले इश्यू आणि कॉमेंट गेले. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया, क्रिमियातल्या डेव्हलपर्सच्या खाजगी रिपॉझिटरी अडवल्या. त्यांनी कोणता नियम मोडला होता? ते फक्त तिथे राहत होते.

म्हणून हलवायचं असेल तर जरूर हलवा. पण कोडची आणि चर्चेचीही एक प्रत स्वतःकडे ठेवा. वर्षातून एकदा ती उघडून, चालवून बघा. कधीच न तपासलेला बॅकअप हा नुसता भरवसा असतो. आणि हे काम निदान दोघांना येऊ द्या. उद्या ग्राहकाचं काम अडलं, तर तो क्लाउड कंपनीला नाही, तुम्हालाच फोन करणार आहे.