पावसाची सावली

फळा नंतर पुसा. आधी बसा. मागच्या बाकावरची खुसफूसही बंद.

चाचणीचे पेपर तपासून आणलेत. 'पर्जन्यछाया म्हणजे पावसाची सावली पडलेला प्रदेश.' हे उत्तर एकाचं नाही, अकरा जणांचं आहे, आणि अकराही जणांनी 'छाया'तला 'छा' सारखाच चुकवलाय. भूगोल आला नसेल, शेजारधर्म मात्र चोख पाळलात.

अरे, राहता कुठे तुम्ही? वाईत. पसरणीचा घाट चढलात की पाचगणी, तिथून पुढे महाबळेश्वर. एसटीत बसून डुलकी लागते न लागते तोच गाव येतं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तुमच्या अंगणात त्याचा पाव हिस्साही पडत नाही. पुढे दहिवडीला जा, पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, ढगही तेच. मग हे का होतं, असं एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही? अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकतो. पुढे वाट नाही म्हणून वर चढतो. वर गेला की थंड होतो, बाष्पाचं पाणी होतं, आणि ते सगळं घाटमाथ्यावरच रितं होतं. उरलेला वारा इकडे खाली उतरताना तापतो, आणि तापलेली हवा बाष्प सोडत नाही, धरून ठेवते. सावली आहे ती डोंगराची. पावसाची सावली कशी पडेल रे?

दुसरं. 'काल वाईचे हवामान ढगाळ होते.' खोडलंय. काल ढगाळ होती ती हवा. हवामान ठरवायला तीस-तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी काढावी लागते. वर्तमानपत्रात तसंच छापतात, म्हणाल. छापोत बापडे, त्यांना माझा पेपर सोडवायचा नाही.

आता ही प्रयोगवही. नाव घेत नाही, ज्याची आहे त्याचे कान लाल झालेले दिसताहेत. टेकडीच्या समोच्च रेषा काढल्यात. पेन्सिल टोकदार, समासही आखलेला, मुखपृष्ठावर वेलबुट्टी. आणि सहाशे मीटरची रेषा सहाशे वीसच्या रेषेला कापून पलीकडे गेलीय! जिथे कापली त्या दगडावर उभं राहिलं तर आपण सहाशे मीटरवर की सहाशे वीसवर? एकाच जागेला दोन उंच्या? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा असता तर मी निमूट ऐकून घेतलं असतं. पण तू टेकडी काढलीस, तीही 'मंद उताराची', असं खाली स्वतःच्या हाताने लिहिलंस. वर रेषा मात्र एकमेकींना खेटून. रेषा दाट म्हणजे चढ उभा, विरळ म्हणजे सौम्य. हे पाठ म्हणून दाखवशील, खात्री आहे मला. तुझं पाठांतर झकास आहे, तेच तुझं दुखणं आहे.

'कृष्णा अरबी समुद्रास मिळते.' का, तर समुद्र जवळ आहे! जवळ आहेच, उगमापासून सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटर. तरी कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. नदी अंतर बघत नाही, उतार बघते. आपल्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात सगळे हात जोडून आलात, कृष्णा आणि सावित्री दोघींचं पाणी डोक्याला लावलंत. त्यातली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. दोघींचं पाणी जिथे वेगळं होतं त्याला जलविभाजक म्हणतात. त्याच्यावर उभं राहून तुम्ही मक्याचं कणीस खाल्लंत.

लोकसंख्या आणि घनता या दोन शब्दांचा तर चिवडा केलाय. २०११च्या जनगणनेत गडचिरोलीत चौरस किलोमीटरला ७४ माणसं होती, मुंबईत वीस हजारांच्या आसपास. डोकी नुसती मोजली ती लोकसंख्या, जमिनीने भागली की घनता. भागाकार चौथीत शिकवलाय.

स्थलांतराचं कारण सगळ्यांनी एकच लिहिलं, 'दुष्काळ'. माणमधून माणसं पाणी नाही म्हणून गेली, कबूल. पण जावळीत तर पाऊस धो धो पडतो, तरी तिथली माणसं माथाडीची ओझी उचलायला मुंबईला का गेली? उतारावर शेत किती आणि त्यात भाऊ किती, हे आजोबांना विचारा. तुमच्यातल्या चौघांचे आजोबा तिथेच होते, मला माहीत आहे.

तू, वहीवाला, ऊठ. खिडकीपाशी ये. समोर पांडवगड दिसतोय? वरचा कातळ बघ, खालचा उतार बघ. आता कोरा कागद घे आणि त्याच्या रेषा काढ. मधली सुट्टी होईपर्यंत वेळ आहे. आणि पट्टी इथे टेबलावर ठेव. डोंगर पट्टीने काढत नाहीत.