सोमनाथचे दरवाजे : स्मृती आणि उत्तरदायित्व

जेम्स मिल याने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात भारताचा भूतकाळ हिंदू, मुसलमान व ब्रिटिश अशा क्रमाने मांडला. पहिल्या दोन कालखंडांना धर्माचे नाव आणि तिसऱ्याला राष्ट्राचे, हे वैषम्य अनेकांनी दाखवून दिले आहे. मात्र त्यातून उद्भवणारा नैतिक प्रश्न दुर्लक्षित राहतो : एखाद्या समाजाने काय स्मरावे हे परक्या सत्तेने ठरविले, तर त्या स्मृतीचे उत्तरदायित्व कोणाचे?

१८४२ मध्ये अफगाणिस्तानातील नामुष्कीनंतर गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याने गझनीच्या महमूदाच्या कबरीचे दरवाजे भारतात आणविले. ते सोमनाथ मंदिराचे असून आठशे वर्षांच्या अपमानाचे परिमार्जन झाले, असा जाहीरनामा त्याने भारतीय राजांना व प्रजेला उद्देशून काढला. १८४३ मध्ये पार्लमेंटात त्यावर कठोर टीका झाली. दरवाजे देवदाराचे, गुजराती घडणीशी संबंध नसलेले निघाले आणि आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. तरीही जाहीरनाम्यातील गृहीतक अबाधित राहिले : ‘हिंदू’ हा एकसंध कर्ता असून तो आठ शतके एकच दुःख वाहत आला आहे.

महमूदाची १०२६ ची स्वारी व मंदिराचा विध्वंस नाकारण्याचे कारण नाही. वाद आहे तो त्या घटनेला नंतर चिकटविलेल्या अर्थाचा. सोमनाथ-वेरावळ येथील १२६४ चा संस्कृत व अरबी लेख होर्मुझचा जहाजमालक नूरुद्दीन फिरोज याने बांधलेल्या मशिदीविषयी आहे. तिच्यासाठी जमीन मिळवून देण्यात स्थानिक हिंदू प्रतिष्ठितांचा सहभाग होता. स्वारीचा उल्लेख त्यात नाही. या मौनावरून विस्मृती सिद्ध होत नाही हे खरे. परंतु अखंड वैराची कल्पना या लेखासमोर टिकत नाही.

सर्व दोष वसाहतवादावर लोटणे हीदेखील पळवाटच होय. विध्वंसाची अतिरंजित वर्णने फारसी इतिवृत्तकारांनी आश्रयदात्यांच्या गौरवार्थ आधीच लिहिली होती. इलियट व डाउसन यांच्या आठ खंडांनी (१८६७-७७) त्यांतून निवड केली, आणि ती निवड आपल्या पाठ्यपुस्तकांनी स्वखुशीने स्वीकारली. चौकट परक्याची असली तरी तिच्यात आज कोणाला अपराधी म्हणून उभे करायचे, हा निर्णय परक्याचा उरलेला नाही. पूर्वजांच्या नावाने मागितलेल्या सूडाला पूर्वजांची संमती होती काय, हे तपासल्यावाचून इतिहासलेखन न्याय्य ठरू शकत नाही.