अंतराय कुणाचा?

चौका लावणाऱ्या बाईला 'अंतराय' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पहाटे उठायचं, विहिरीचं पाणी आणून गाळायचं, तांदूळ-डाळ दाणा दाणा निवडायची, दारात कलश घेऊन उभं राहायचं. महाराज येतात, पडगाहन होतं, आहार सुरू होतो, आणि चार घास झाले न झाले तोच ओंजळीत केस निघतो. संपलं. महाराज ओंजळ सोडतात. आता उद्यापर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. त्या दिवशी त्या घरातल्या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. "माझ्या हातनं काय राहिलं?" एवढंच ती दिवसभर म्हणत असते. पदर नीट होता का, निवडताना उजेड होता का, कुणाला घाईत वाढायला लावलं का. महाराजांचंच कर्म आड आलं असं म्हणून ती मोकळी होत नाही. शास्त्रात त्याला आधार सापडेल, तरी ती तसं म्हणत नाही.

हाच शब्द आपण आणखी एका ठिकाणी वापरतो, आणि तिथं आपली नजर नेमकी उलटी फिरते.

शेजारच्या वहिनींचा मुलगा डिप्लोमा होऊन तीन वर्षं झाली, कुठं लागला नाही. बस्तीत स्वाध्याय संपला की विषय निघतोच. कुणीतरी उसासा टाकतं, "काय करणार अक्का, लाभांतराय कर्म उदयाला आलंय त्याचं." बाकीच्या माना हलवतात. चटया गुंडाळल्या जातात, चर्चा मिटते. चौक्यात आपण आपल्या हाताकडं बघितलं होतं. इथं आपण त्या पोराच्या कपाळाकडं बघतो.

असं का होतं, हा माझा प्रश्न आहे.

आधी शास्त्र काय म्हणतं ते बघू. आठ कर्मांतलं शेवटचं अंतराय. त्याचे पाच प्रकार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत: दान, लाभ, भोग, उपभोग आणि वीर्य. हे कर्म बांधलं कशानं जातं, हेही तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात उमास्वामींनी अगदी थोडक्या शब्दांत सांगितलं आहे. दुसऱ्याच्या कामात विघ्न आणल्यानं. म्हणजे या शिकवणीला दोन टोकं आहेत. एका टोकाला ज्याचं अडलं तो, दुसऱ्या टोकाला जो अडवतो तो. आपण पहिलंच टोक धरून बसलो आहोत.

आदिनाथ भगवानांची एक गोष्ट काही घरांत सांगतात. मळणीच्या वेळी बैल कणसं खातात म्हणून शेतकरी त्यांना मारत होते. तेव्हा त्यांच्या तोंडाला मुसकी बांधायचा उपाय त्यांनीच सुचवला. बैल तेवढा वेळ उपाशी राहिले, आणि त्याचं फळ म्हणून पुढं भगवानांनाही आहार मिळेना. गोष्ट लोकांतली आहे, पण तिचा रोख बघा. ती बैलांच्या कर्माबद्दल काही बोलत नाही, मुसकी बांधणाऱ्याबद्दल बोलते.

"पण ज्याचं त्याचं कर्म, हा नियम चुकतो का?" असं पंडितजी विचारतील. नियम चुकत नाही. मात्र दुसऱ्याच्या कर्माचा उदय केवलज्ञान्याशिवाय कुणाला दिसला आहे? मला दिसतो तो माझा आस्रव: मी काय बोलते, काय देते, काय अडवते. शेजारच्या पोरानं स्वतःपुरतं म्हटलं की "माझं कर्म असंल, मी समता ठेवतो", तर तो धर्म झाला. तेच वाक्य मी त्याच्याबद्दल म्हटलं, तर तो मला हात झटकायला सापडलेला फडका झाला. वाक्य एकच, पण कुणाच्या तोंडात आहे त्यावर त्याचं पुण्य की पाप ठरतं.

आता आपल्या भागात नोकरी अडते कुठं, ते डोळे उघडून बघू. अनेकान्त सांगणाऱ्यांनी एकाच कारणावर थांबू नये.

निपाणी घ्या. गाव कर्नाटकात आणि गावाला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीची मुलगी रोज सकाळी दुसऱ्या राज्यात जाऊन शिकते आणि दुपारी आपल्या राज्यात जेवायला येते. पदवी हातात पडते तेव्हा तिला कळतं, की कर्नाटक सरकारच्या नोकरीसाठी कन्नड लागतं, आणि महाराष्ट्रात अर्ज करायचा तर रहिवासाच्या दाखल्यापासून सुरुवात. सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्रानं सवलत ठेवली आहे, पण ती मिळवायला कोणते कागद कुठं द्यायचे हे सांगणारं माणूस गाठ पडावं लागतं. 1 नोव्हेंबर 1956 ला रेघ ओढली गेली तेव्हा या मुलीची आजी परकरात होती. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. त्या रेघेचा हिशेब या मुलीच्या कर्मखात्यावर कसा लिहायचा?

दुसरं उदाहरण. कर्नाटकात 2021 च्या ऑक्टोबरमध्ये फौजदाराच्या, म्हणजे पीएसआयच्या, 545 जागांसाठी परीक्षा झाली. पन्नास हजारांहून जास्त मुलामुलींनी ती दिली. पुढं गैरप्रकार उघड झाले आणि 2022 च्या एप्रिलमध्ये ती रद्द केली गेली. फेरपरीक्षा झाली 2024 च्या जानेवारीत. रात्र रात्र जागून, पहाटे मैदानावर धावून ज्यांनी सरळ मार्गानं पेपर लिहिला, त्यांची दोन वर्षं गेली. यात अंतराय कर्म बांधलं कुणी? एका उत्तरपत्रिकेत पैसे देऊन खाडाखोड करणाऱ्यानं फक्त एक जागा चोरली नाही. हजारोंच्या ओंजळीत त्यानं केस टाकला.

आणि तंबाखू. निपाणीची ओळखच ती. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या, निवडणाऱ्या बायका दिवसभर त्या धुरळ्यात असत. खोकला, डोळ्यांची आग, वर तुटपुंजी मजुरी. हे काम बरं म्हणून त्या तिथं गेल्या नव्हत्या, दुसरं नव्हतं म्हणून गेल्या होत्या. त्या काळी त्यांच्याबद्दलही लोक म्हणतच असतील की नशीब त्यांचं. पण त्या बायका एकत्र आल्या, संघटना झाली, संप झाले, पगार आणि वागणूक यांत फरक पडला. युगांतर नावाच्या बायकांच्या गटानं 1982 साली त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा चित्रपट केला, तो आजही आहे. मला यातनं एवढंच दिसतं: मागणी केल्यावर जी मजुरी वाढू शकली, ती आधी अडवली कुणीतरी होती. मागच्या जन्मानं नव्हे, याच जन्मातल्या माणसांनी. या व्यापारात आपल्या समाजातलीही माणसं होती, हे डोळ्याआड करू नये. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या आपण, वखारीतल्या खोकल्याचा आवाज मात्र ऐकत नव्हतो.

"रडत काय बसायचं, धंदा करावा, किर्लोस्करांसारखं," असं काका-मामा पोरांना सांगतात. गोष्ट खरी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, बढती डावलली गेली, नोकरी सोडली. 1888 साली बेळगावात सुरू झालेलं सायकलचं दुकान ही त्यांच्या उद्योगाची सुरुवात. पण काका ही गोष्ट अर्धीच सांगतात. मुंबईहून पाठवलेल्या सायकली बेळगावात विकायला त्यांचे भाऊ रामूअण्णा होते. पुढं बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला, कर्ज दिलं, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुरुषार्थ लक्ष्मणरावांचा, यात शंका नाही. पण त्या पुरुषार्थाच्या पाठीला कुणीतरी हात लावला होता. पोराला "किर्लोस्कर हो" म्हणायचं असेल, तर घरात एक रामूअण्णा असावा लागतो.

आता पुन्हा आदिनाथांकडं येते, कारण मला वाटतं आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच कथेत आहे.

कल्पवृक्ष होते तोवर कुणाला काम शोधावं लागत नव्हतं. ते आटले तेव्हा लोक घाबरून आले. भगवानांनी त्यांना असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कामं शिकवली. मुलींनाही मागं ठेवलं नाही. ब्राह्मीला लिपी दिली, सुंदरीला अंक दिले. सरकारी नोकरी हा आपल्या पिढीचा कल्पवृक्ष होता. तो आटत चालला आहे हे पोरांना कळलंय, आपल्याला अजून कळत नाही.

तेच भगवान पुढं दीक्षा घेऊन आहाराला निघाले, तेव्हा महिनोन् महिने रिकाम्या ओंजळीनं परत फिरले. लोक कंजूष नव्हते. कुणी हत्ती आणला, कुणी घोडे, कुणी रत्नं. सगळं पुढं केलं, फक्त जे हवं होतं ते कुणाला सुचलं नाही. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांस राजाला पूर्वभवातली आठवण झाली आणि त्यानं उसाचा रस दिला. तो दिवस अक्षय तृतीयेचा. द्यायची इच्छा सगळ्यांची होती, काय द्यायचं ते एकालाच कळलं.

आपणही काम शोधणाऱ्या पोरांपुढं हत्ती-घोडेच उभे करतो. उपदेश देतो, उपास सांगतो, पुण्यातल्या कुणाच्या तरी मुलाचं पॅकेज सांगतो. त्याला हवा असतो तो उसाचा रस. कागलच्या एमआयडीसीत किंवा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कुठं माणूस घेतायत याची खरी माहिती. मुलाखतीला जायला एसटीचं भाडं, तेही उपकार न दाखवता. बेळगावात चार महिने राहायला एक खोली. कन्नड शिकवणारी एखादी मैत्रीण. कन्नड काही आपल्याला परकं नाही. आदिनाथांचीच कथा कवी पंपानं 941 साली कन्नडात लिहिली आहे.

आपल्या आधीच्या लोकांना हे द्यायचं कळत होतं. निपाणीजवळच्या स्तवनिधीला 1899 साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली आणि तिनं पुढं गावोगावच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील नांगर विकत गावं फिरले, आणि रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' म्हणत सगळ्या जातींच्या मुलांना हाताला काम आणि डोक्याला विद्या एकदम दिली. मुलांच्या कर्माची चर्चा करत ते बसले असते, तर आज कर्मवीर म्हणून त्यांचं नाव आपण घेतलं नसतं.

"आपण बायका, आपल्या हातात काय आहे?" असं तुम्ही म्हणाल. नोकऱ्या निर्माण करणं नाही, हे मान्य. पण अडवणं तर आपल्या हातात आहे, आणि ते थांबवणंही.

"अजून घरीच का रे?" हे वाक्य वीर्यांतराय आहे. उद्या सकाळी अर्ज भरायला बसणाऱ्याचं बळ ते आदल्या रात्रीच काढून घेतं. स्थळ बघताना "सरकारी असंल तरच सांगा" म्हणतो, तेव्हा शेती करणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या शंभर कष्टाळू मुलांच्या वाटेत आपण आडवे पडतो. सून बी.एड. झालेली, शाळेत जागा निघालेली, आणि "सणावाराचं कोण बघणार?" म्हणून तिला थांबवतो, तेव्हा लाभांतराय तिचा उदयाला येत नाही, आपला बांधला जातो. दुकानात माणूस ठेवताना "आधी काम बघू, मग पगाराचं बोलू" म्हणणारे घरातले पुरुष आपल्याच ताटात जेवतात. त्यांना जेवताना एवढं विचारता येतं, "त्या पोराला किती देता?" धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी चार दिवस खाडा केला म्हणून पैसे कापतो, आणि संध्याकाळी प्रतिक्रमणात सगळ्या जीवांची क्षमा मागतो. सगळ्या जीवांत मावशी येतात.

एवढं केलं तरी काही मुलं रिकामीच राहतील. काळच तसा आहे, आणि आपला धर्म काळ हेही एक कारण मानतो. पण त्यांच्या रिकाम्या ओंजळीत निदान आपल्या घरचा केस नसावा. पुढच्या वेळी बस्तीत कुणाच्या मुलाचा विषय निघाला आणि "त्याचं कर्म" हे शब्द ओठावर आले, तर चौक्यातल्या बाईसारखं आधी आपल्या हाताकडं बघावं. आणि मग वहिनींना एवढंच विचारावं, "त्याचा बायोडाटा आहे का हो तुमच्याकडं? द्या, मी विचारते चार ठिकाणी."