सहानंतर पाणी नको

माझं बालपण लालबागच्या एका चाळीत गेलं. दहा बाय बाराची खोली, पुढे लांबलचक गॅलरी, मजल्यावर २० बिऱ्हाडं आणि गॅलरीच्या टोकाला ५ संडास. यातले संडास सोडले तर बाकी सगळं मी आजवर शंभर वेळा सांगितलं आहे. ऑफिसात, लग्नाआधी बायकोला, फेसबुकवर तर दर गणपतीला. लोकांना ते ऐकायला आवडतं आणि मला सांगायला.

माझ्या गोष्टीचे नायक अर्थात बाबा. ते गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसताच विरत गेला. बाबांनी दीडेक वर्ष वाट पाहिली आणि नरिमन पॉइंटच्या एका उंच इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले. शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचो, "माझे बाबा विसाव्या मजल्यावर कामाला आहेत." यात खोटं काही नव्हतं. दिवसातून चाळीसेक वेळा ते विसाव्या मजल्यावर असायचेच.

रविवारी संध्याकाळी बाबा मला आणि ताईला 'मुंबई' दाखवायला न्यायचे. आम्ही राहायचो ती जणू मुंबई नव्हतीच. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली की झालं, तोंडावर वारा आणि पायाखाली अख्खा रस्ता. मरीन ड्राइव्हवर तेव्हा पिवळे दिवे होते. एका दिवाळीत ऑफिसं बंद असताना बाबांनी ओळखीच्या वॉचमनला सांगून आम्हाला थेट वरच्या मजल्यावर नेलं. तिथून राणीचा रत्नहार खराखुरा हारासारखा दिसला, गिरगाव चौपाटीला वळसा घालून मलबार हिलपर्यंत गेलेला. बाबांनी कठड्यावर हात ठेवला होता, आणि ही इमारत आपलीच आहे अशी माझी खात्री पटली होती.

गावाहून पाहुणे आले की चंगळच. गेटवे, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट. दर वेळी तेच, आणि दर वेळी आम्ही पहिल्यांदाच बघतोय असं बघायचो. आई यायची नाही. पाहुण्यांचा स्वयंपाक असायचा आणि त्याशिवाय डबे. संपानंतर गिरणगावातल्या शेकडो घरांसारखं आमचंही घर बायकांच्या पोळपाटावर चाललं. खाणावळी चालवणाऱ्या अशाच बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं. आई त्यात नव्हती. ती आपली बाराजणांचे डबे करायची. मला त्यातलं आठवतं ते पहाटेच्या फोडणीचा वास आणि त्या वासात पुन्हा झोपी जाणं.

दोनेक वर्षांपूर्वी चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. बाबांच्या मागे भाडेपावती आईच्या नावावर. ती तिथे एकटीच राहत होती, कितीही सांगितलं तरी ठाण्याला आमच्याकडे यायला तयार नव्हती. संमतीपत्र आलं तेव्हा तिने मला फोन केला. "काय करू रे?"

मी म्हणालो, "घाई करू नकोस. अशी चाळ पुन्हा उभी राहायची नाही."

मग मी कारणंही दिली. बिल्डर काम अर्धवट सोडतात, भाडं द्यायचं बंद करतात, म्हातारी माणसं वाट बघत जातात. ही कारणं खोटी नव्हती, मुंबईत कुणालाही विचारा. पण खरं सांगायचं तर ती मी नंतर गोळा केली. आधी आलं होतं ते माझं वाक्य. ठाण्यात दोन बाथरूमच्या फ्लॅटमध्ये बसून मला माझी गॅलरी हवी होती.

आईने सही केली नाही. सात-आठ महिने गेले.

त्या गणपतीत मी एक रात्र तिथे राहिलो. आठला जेवायला बसलो, मी तिचा पेला भरून पुढे ठेवला. तिने तो बाजूला सारला. "सहानंतर पाणी नको मला."

"का?"

"रात्री जावं लागतं मग."

गॅलरीतला दिवा गेलेला, फरशी निसरडी, तिचे गुडघे दुखरे. वयाचं आहे, असं मला वाटलं. कधीपासून, असं सहज विचारलं. तिने जरा आठवून पाहिलं. "लग्न होऊन आले तेव्हापासून. तुझ्या आजीनेच सांगितलं होतं, सहानंतर पाणी पिऊ नये म्हणून."

म्हणजे ४० वर्षांहून जास्त. डबलडेकरच्या त्या सगळ्या रविवारी, आम्ही वारा खात हिंडत होतो तेव्हाही, ती घरी तहान मारून बसलेली. पहाटे चारला उठून अख्ख्या घराचं पाणी भरायचं आणि संध्याकाळी त्यातलं प्यायचं नाही. एका बाईने दुसऱ्या बाईला दिलेलं हे शहाणपण, आणि त्याच खोलीत अठरा वर्षं वाढूनही ते माझ्या कानावर आलं नव्हतं. आम्ही पोरं गटारावर उभी राहायचो, प्रश्न मिटला.

मराठीत या सगळ्या कारभाराला चांगला शब्द आहे, स्मरणरंजन. रंजन म्हणजे करमणूक, आणि मुळात रंजन म्हणजे रंग देणं. मी माझ्या बालपणाला रंग देत होतो आणि करमणूकही करून घेत होतो. पण आता मला कळेना की जे रंगवलं ते खोटं होतं का. एखाद्या आनंदाची किंमत दुसऱ्या कुणी भरली होती हे ३० वर्षांनी कळलं, तर तो आनंद मागे जाऊन नासतो का?

पहिले दोन दिवस मला वाटलं, नासतो. चाळीचं कौतुक करणाऱ्या सगळ्यांचा राग आला, माझा सगळ्यात जास्त. या भरात मी आईला फोन करून म्हणालो की आम्ही मजा केली आणि तू भोगलंस.

ती चिडली. "भोगलंस म्हणजे? मी काय तिथे रडत बसले होते?" मग बरंच बोलली. गावाला पाणी डोक्यावरून आणायचं होतं, इथे पहाटे का होईना, नळाला यायचं. डब्यांचे पैसे तिच्या हातात यायचे, ते मोजायला तिला आवडायचं. शेजारच्या काकींबरोबर 'भारतमाता'ला दादा कोंडक्यांचा सिनेमा पाहिला, घरी कुणाला न सांगता, दुपारच्या खेळाला. ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होतो. शेवटी म्हणाली, "तू तुझं सांग. माझं मला सांगू दे. आणि त्या कागदावर सही करायची की नाही, ते आधी बोल."

मी अडकलो होतो ते इथेच. आधी मी तिचं आयुष्य माझ्या आनंदात ओढलं होतं, आता माझ्या पश्चात्तापात ओढत होतो. दोन्हीकडे गोष्ट माझीच. मला वाटतं, त्या वरच्या मजल्यावरून दिसलेला रत्नहार खरा होता आणि तो कुणी परत मागत नव्हतं. आठ वर्षांच्या मुलाने आईच्या तहानेचा हिशेब ठेवावा अशी अपेक्षाही कुणी करू नये. पण विसाव्या वर्षी? तिसाव्या? मी कमावता झालो तेव्हा? न कळणं कुठल्यातरी वर्षी संपलं असणार आणि न विचारणं सुरू झालं असणार, आणि ते वर्ष नेमकं कुठलं हे मला सापडत नाही. आठवण मनात असेतोवर तिने कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी तिला आईच्या संमतीपत्रावर मत द्यायला बसवलं, तेव्हा बिघडलं. आठ महिने रात्री तहानलेली राहिली ती आई, मी नाही.

तिने सही केली. खोली रिकामी केली, त्यात रडलो मी. ती भांडी मोजत होती. इमारत होईपर्यंत ती आमच्याकडे आहे.

आता माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आमचा फ्लॅट सोळाव्या मजल्यावर, खाली पोहण्याचा तलाव, पावसात खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. तिच्या आठवणी सध्या तयार होत आहेत आणि त्या गोड असणार यात शंका नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सकाळी सातला सोसायटीत शिरतात आणि पाच घरं करून दोनला निघतात. आईशी बोलल्यानंतर मी त्यांना एकदा विचारलं, मध्ये लागली तर कुठे जाता? त्या हसल्या. "घरी जाऊन, दादा." खाली एक संडास आहे, त्याला कुलूप असतं. आमच्या घरात दोन आहेत. जाऊ नका असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. जा असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "आमचं वापरत जा." त्या "बरं" म्हणाल्या आणि एकदाही गेल्या नाहीत.

मी सोसायटीच्या कमिटीला कुलपाबद्दल पत्र दिलं. विषय चांगला आहे, पुढच्या मीटिंगला घेऊ, असं उत्तर आलं.

इकडे आईने पत्रबित्र काही लिहिलं नाही. मावशी ओट्याकडे वळल्या की ती आतून हाक मारते, "अगं, आधी जाऊन ये. भांडी काही पळून जात नाहीत." पहिले चार दिवस मावशी नको नको म्हणाल्या. पाचव्या दिवशी गेल्या. मीटिंग अजून व्हायची आहे.