सल्ला की आज्ञा?

मुलगा वा मुलगी वयात आली, शिक्षण पुरे झाले, की घरात एक नवा संवाद सुरू होतो. कोणती नोकरी धरावी, परदेशी जावे की इथेच राहावे, वाडी राखावी की विकावी, लग्न कोणाशी आणि केव्हा करावे, या प्रश्नांवर आईवडील आपले मत मांडतात आणि शेवटी बहुधा एक वाक्य जोडतात : 'आम्ही हे तुझ्याच भल्यासाठी सांगतो आहोत.' हे वाक्य खोटे नसते. आपल्या लेकराचे वाईट व्हावे असे वाटणारे मायबाप विरळाच. तरीही नेमक्या ह्याच वाक्यानंतर कित्येक घरांत अबोला सुरू होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. भल्यासाठी सांगितलेली गोष्ट दुरावा का निर्माण करते? 'पिढ्यांमधले अंतर' असे नाव देऊन हा प्रश्न बाजूला सारता येणार नाही. तो मुळात नैतिक प्रश्न आहे.

आईवडिलांनी सल्ला देऊच नये, असे कोणी म्हणत असेल तर ते मान्य करता येत नाही. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याने अनुभवाची किंमत ओळखली होती. ज्या बापाने कर्जाचे हप्ते फेडताना आपली उमेदीची वर्षे घालवली, त्याला कर्जाविषयी बोलण्याचा अधिकार आहे. ज्या आईने व्यसनी दिराचा संसार डोळ्यांदेखत मोडताना पाहिला, तिने मुलीला स्थळाविषयी चार प्रश्न विचारले तर तिचे काय चुकले? त्यांचे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही, त्यांनी ते मोल देऊन घेतले आहे. दिसत असलेला खड्डा न दाखवता गप्प राहणे याला कोणी उदारपणा म्हणणार नाही. तेव्हा सल्ला द्यावा की देऊ नये, हा वादच नाही. सल्ला देऊन झाल्यावर पुढच्या क्षणी काय होते, यावर सारे अवलंबून आहे.

तेराव्या शतकातील थोर तत्त्वचिंतक संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात आज्ञा आणि सल्ला यांतील भेद स्पष्ट केला आहे. आज्ञेत बंधन असते. सल्ला मात्र ज्याला दिला त्याच्या निवडीवर सोडलेला असतो. हा भेद त्यांनी देवाच्या आज्ञा आणि शुभवर्तमानातील सल्ले यांच्या संदर्भात मांडला, पण तो आपल्या घरालाही तंतोतंत लागू पडतो. जो सल्ला नाकारण्याची मुभा ऐकणाऱ्याला नाही, तो सल्ला नव्हे. ती आज्ञाच, फक्त तिला सल्ल्याचे सौम्य वस्त्र नेसवलेले असते.

हा भेद थॉमस यांनी केवळ ग्रंथांतून जाणला नव्हता. त्यांच्या उमराव घराण्याची इच्छा होती की त्यांनी मोन्ते कासिनोच्या श्रीमंत आणि प्रतिष्ठित मठाचे मठाधिपती व्हावे. अवघ्या पाच वर्षांच्या वयात त्यांना त्या मठात ठेवण्यात आले होते. पण इ. स. १२४४ च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी भिक्षेवर जगणाऱ्या डॉमिनिकन संघात प्रवेश केला. त्यांच्या आईला, थिओदोरा हिला, हे मानवले नाही. तिच्या सांगण्यावरून भावांनी त्यांना वाटेत पकडले आणि सुमारे वर्षभर घराण्याच्या गढीत अडकवून ठेवले. मन वळवण्याचे सर्व प्रयत्न झाले. अखेर कुटुंबाने हात टेकले. थिओदोरा दुष्ट नव्हती. आपल्या मुलाचे कल्याण कशात आहे हे आपल्याला कळते, याची तिला खात्री होती. त्या खात्रीनेच घराचा तुरुंग केला.

आज कोणी मुलाला गढीत कोंडत नाही. पण 'हे केलेस तर आमचे तोंड पाहू नकोस', 'मग आम्ही मेलो असे समज', 'घराची एक वीटही तुला मिळणार नाही', ही वाक्ये कोणत्या भिंतींपेक्षा कमी आहेत? ज्या तरुणापुढे ती उच्चारली जातात त्याला दोनच वाटा उरतात : मोडणे किंवा लपवणे.

लपवण्याच्या वाटेचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. लॉर्ड चेस्टरफील्ड या मुत्सद्द्याने आपला मुलगा फिलिप याला, तो लहान होता तेव्हापासून, शेकडो पत्रे लिहिली. कसे बोलावे, कसे बसावे, काय वाचावे, कोणाशी मैत्री करावी, थोरामोठ्यांच्या मर्जीत कसे राहावे, कशाचीही उणीव त्या पत्रांत नाही. इ. स. १७६८ मध्ये मुलगा मरण पावला आणि तेव्हा कुठे त्या पित्याला कळले, की त्याचे लग्न झाले होते आणि त्याला दोन मुलगेही होते. तीस वर्षे जगाचे शहाणपण शिकवणाऱ्या बापाला आपल्या आयुष्यातली सर्वांत जवळची गोष्ट सांगावी, असे त्या मुलाला वाटले नाही. त्याच सुनेने सासऱ्याच्या निधनानंतर, १७७४ मध्ये, ती पत्रे छापली आणि ती गाजली. जगाने ती आवडीने वाचली. पण ज्याच्यासाठी ती लिहिली, त्याचे मन लिहिणाऱ्याला कधी वाचता आले नाही.

ख्रिस्तसभेच्या परंपरेतही या मर्यादेची जाणीव आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेत, इ. स. १५६३ मध्ये, आईवडिलांच्या संमतीवाचून झालेले विवाह रद्दबातल ठरवावेत असा आग्रह धरला गेला होता. परिषदेने तो मानला नाही. असे विवाह तिला पसंत नव्हते, हे तिने स्पष्ट सांगितले. तरीही ते अवैध असतात हे म्हणणे तिने नाकारले. कारण विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने, मायबापांच्या नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथातही हेच सूत्र दिसते. व्यवसाय आणि जीवनमार्ग निवडणे हा प्रौढ मुलांचा अधिकार आहे आणि कर्तव्यही. आईवडिलांनी व्यवसायाच्या वा जोडीदाराच्या निवडीत दडपण आणू नये. मात्र या संयमामुळे सुज्ञ सल्ला देण्यास कोणतीही आडकाठी येत नाही, असे तो सांगतो. आपल्याकडचे जुने संस्कृत सुभाषित काय वेगळे सांगते? पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे धाकात ठेवावे आणि सोळावे लागले की मुलाशी मित्राप्रमाणे वागावे.

इथे एक गंभीर आक्षेप निघतो. मूल उघड उघड विनाशाकडे चालले असेल तर? दारूकडे, जुगाराकडे, फसव्या माणसाकडे? तेव्हाही 'तुझी मर्जी' म्हणून स्वस्थ बसायचे काय? या आक्षेपाची टिंगल करता येणार नाही, कारण तो रात्र रात्र जागणाऱ्या आईबापांचा आक्षेप आहे.

याचे उत्तर संत मोनिकेच्या जीवनात शोधता येते. सोळा वर्षांच्या अगस्तीनला तिने एकांतात बसवून शीलाविषयी बजावले होते. पुढे त्यानेच आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनात लिहिले, की तेव्हा तो उपदेश त्याला बायकी वाटला आणि तो पाळण्याची लाज वाटली. पुढे तो भ्रामक पंथात शिरला, तेव्हा त्याच्यासह एका छताखाली राहणेही तिने काही काळ नाकारले. मग एका स्वप्नाने तिला धीर आला आणि तिने पुन्हा त्याला आपल्या घरात, आपल्या पंगतीला घेतले. ती एका बिशपकडे गेली आणि मुलाला चार शब्द समजावून सांगा म्हणून गळ घालू लागली. तो जाणता माणूस नाही म्हणाला. त्याला सध्या त्याच्या वाटेने जाऊ दे, तू प्रार्थना कर, असा त्याचा सल्ला होता. इ. स. ३८३ मध्ये अगस्तीन आईला चक्क फसवून रात्री जहाजाने रोमला निघून गेला. ती समुद्र ओलांडून त्याच्यामागे गेली आणि त्याला मिलान येथे गाठले.

मोनिकेने मुलाच्या वागण्याला कधी होकार दिला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. तिने आपले मत लपवले नाही वा पातळही केले नाही. पण मत आणि नाते यांची तिने अखेर गल्लत होऊ दिली नाही. 'तू चुकतो आहेस' हे वाक्य तिने शेवटपर्यंत धरून ठेवले. 'म्हणून तू माझा नाहीस' हे दुसरे वाक्य मात्र तिच्या तोंडी आले नाही. सल्ला आणि शिक्षा यांतील फरक याहून नेमका सांगता येणार नाही.

आता ज्या ग्रंथात बापाचा सल्ला अगदी सविस्तर येतो, त्या तोबीतच्या पुस्तकाकडे वळू. तोबीत निनवे नगरीत निर्वासित म्हणून राहत होता. बेवारस मृतांना मूठमाती देण्याचा त्याचा नेम होता. सणाच्या दिवशी वाढलेल्या ताटावरून उठून तो एका प्रेताच्या अंत्यविधीसाठी गेला होता. पुढे तो आंधळा झाला, घर पत्नीच्या विणकामावर चालू लागले. आपला अंत जवळ आला असे वाटून त्याने तोबियास या एकुलत्या मुलाला बोलावले आणि दूर मेदिया देशात ठेवलेली दहा तालांत चांदी आणण्यास सांगितले. त्याआधी त्याने जे सांगितले ते साधेच आहे : आईला अंतर देऊ नकोस, तुझ्यासाठी तिने किती धोके सोसले ते आठव, मजुराची मजुरी त्याच दिवशी दे, जे तुला स्वतःला नकोसे वाटते ते दुसऱ्याला करू नकोस, भुकेल्याला आपल्यातला घास दे, शहाण्या माणसाचा सल्ला घे.

या उपदेशाला वजन कशाने आले? तोबीत जे सांगत होता, त्यातले बरेचसे मुलाने घरातच घडताना पाहिले होते. आणि बापाची उणीवही त्या घराला ठाऊक होती. पत्नीला मजुरीवर बक्षीस म्हणून मिळालेले करडू चोरीचे आहे असा संशय घेऊन तोबीतने तिला दुखावले होते आणि तिने त्याला त्याच्या दानधर्मावरून खडसावले होते. म्हणजे सल्ला देणारा निर्दोष असावा लागतो असे नाही. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' असा मात्र तो नसावा.

याहून महत्त्वाचे ते पुढेच आहे. सगळे ऐकून घेतल्यावर तोबियास एक व्यवहारी अडचण मांडतो : तो माणूस मला ओळखत नाही, मला वाटही ठाऊक नाही. तोबीत रागावत नाही. वाट माहीत असलेला एखादा विश्वासू सोबती शोध, त्याची मजुरी आपण देऊ, असे तो म्हणतो. उपदेश तिथेच थांबतो आणि बाप मुलाला जाऊ देतो. आई रडते, पण मुलगा निघतो. त्या वाटेवर, मायबापांना काहीही कळण्याआधी, तो सारा नावाच्या मुलीशी विवाह करतो. इकडे म्हातारा बाप एकेक दिवस मोजत असतो. मुलगा परततो, वाटेत मिळालेल्या माशाचे पित्त बापाच्या डोळ्यांना लावतो आणि बापाला दिसू लागते. मग तोबीत नगराच्या वेशीपर्यंत चालत जातो आणि सुनेला आशीर्वाद देऊन घरात घेतो. 'आम्हांला न विचारता हे कसे केलेस?' असा प्रश्न तो विचारत नाही.

सल्ला देणाऱ्या पिढीने या कथेतील शेवटचा भाग विसरू नये. ज्याला वाट दाखवून पाठवले, तोच बापासाठी दृष्टी घेऊन आला. मुले आपल्यापुढच्या वाटेवर चालतात. तिथे त्यांना जे दिसते ते आपल्याला दिसलेले नसते. वाडीत केळी आणि पानवेली जगवणाऱ्या बापाला संगणकावर काम करणाऱ्या मुलीच्या नोकरीतील खाचखळगे कसे ठाऊक असणार? पण मजुराची मजुरी बुडवू नये, दिलेला शब्द पाळावा, व्यसनाने घर जाते, एकट्याने निर्णय घेऊ नये, हे त्याला पक्के ठाऊक आहे. त्याने तेच सांगावे. मुलाच्या हाती शिदोरी द्यायची असते, लगाम आपल्याकडे ठेवायचा नसतो.

तरुणांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाकारण्याचा अधिकार मिळाला म्हणून ऐकण्याचे कर्तव्य संपत नाही. आधी पूर्ण ऐकावे, आपली अडचण तोबियासप्रमाणे तोंडावर मांडावी, आणि आईवडिलांच्या मनाविरुद्ध जायचे झाले तर ते उघडपणे, त्यांच्यासमोर उभे राहून करावे. आज्ञाधारकपणाला वयाची मर्यादा आहे, आदराला नाही.

आईवडिलांनी तरुण मुलाला काही सांगण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : याने माझे ऐकले नाही, तर रात्री त्याचे ताट मी वाढीन काय? उत्तर 'होय' असेल तर बोलावे, अगदी मोकळेपणाने आणि आवश्यक तितक्या कठोरपणेही बोलावे. उत्तर 'नाही' असेल, तर अजून थोडे थांबावे. कारण मुलाला जे सांगायचे आहे ते अजून सल्ला झालेले नाही.